मापट्यात मावलेला मोबाईल

गेल्या काही वर्षांत मोबाईल कंपन्यांचा असा समज झालाय की माणसाचे हात वाढतायत. माझे वाढलेले नाहीत. माझा अंगठा दहावीच्या परीक्षेला होता तेवढाच आहे, आणि माझ्या जुन्या फोनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तो आयुष्यात एकदाही पोचला नाही. तिथे काय होतं देव जाणे. लोक म्हणतात, दोन हातांनी वापरा. पण दुसरा हात माणसाला वेगळ्या कामासाठी दिलेला आहे. कोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चौथ्या सीटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसून बघा. दुसरा हात दांड्यावरून काढलात की तुम्ही रस्त्यावर.

त्यात मी शर्ट अजून शिवून घेतो. आमच्या टेलरचं खिशाचं माप ज्या काळातलं आहे, त्या काळात खिशात पेन, पास आणि बडीशेपेची पुडी एवढंच जात असे. त्यात पोळपाटाएवढा फोन घातला की चार बोटं बाहेर. मी वाकायच्या आधी तो वाकायचा. एकदा ऑफिसच्या पायरीवर पडला, एकदा सोसायटीच्या सत्यनारायणात थेट तीर्थाच्या पातेल्यात. गुरुजींनी तो पळीने बाहेर काढला आणि पूजा पुढे चालू ठेवली.

पण शेवटचा घाव बसला एका लग्नात. मंगलाष्टकं चालू होती, मी फोटोसाठी फोन वर धरला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ओ काका, टीव्ही खाली घ्या, नवरी दिसत नाहीये." अख्खा हॉल हसला. नवरीसुद्धा हसली. आंतरपाटाच्या पलीकडून नवराही हसला, आणि त्याला तर काही दिसतही नव्हतं.

तिथेच मठ्ठा पिता पिता मी ठरवलं. छोटा फोन घ्यायचा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. छोटा फोन म्हटलं की दुकानदार आधी तुमच्या केसांकडे बघतो आणि मग मोठ्या बटणांचा, टॉर्चवाला, आजोबांचा फोन काढून ठेवतो. जणू छोटा फोन मागणाऱ्याला फक्त वीज गेल्यावर जिना उतरायचा असतो. मला छोटा हवा होता, पण कमी नको होता. कॅमेरा मोठ्या फोनचा, बॅटरी मोठ्या फोनची, डोकं मोठ्या फोनचं आणि अंग मात्र मुठीत मावेल एवढं. डोंबिवली पूर्वेच्या मितेशला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अंकल, असा तर माणूस पण मिळत नाय." मितेशचं मोबाईलचं दुकानच मुळात एवढं आहे की गिऱ्हाईक आत आलं की तो बाहेर उभा राहतो. त्यामुळे त्याला माझं म्हणणं आतून पटलं असावं. त्याने कुठल्या तरी परदेशी कंपनीचा फोन तीन आठवड्यांत मागवून दिला. कंपनीचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पण फोन! काडेपेटीपेक्षा मोठा आणि पत्त्यांच्या कॅटाएवढाच. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा, पाण्याखाली सोडून सगळीकडे चालणारा. अंगठा चारही कोपऱ्यांत पोचला. मी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाला कळलंसुद्धा नाही.

घरी मात्र कौतुक नावाला नाही. आमची सान्वी कॉलेजात आहे. तिने फोन दोन बोटांत धरून विचारलं, "बाबा, याला किल्ली कुठे लावायची?" तिला तो कीचेन वाटला. मेघना, म्हणजे माझी बायको, उठून आत गेली. तिने फक्त माझा चष्मा आणून माझ्यापुढे ठेवला. तिसऱ्या मजल्यावरचा धम्मपाल टेलिफोनच्या खात्यात वीस वर्षं आहे, त्याच्याकडून तरी जाणकाराचा शब्द येईल म्हणून गेलो. तो फोन उलटासुलटा बघून म्हणाला, "मशीन झकास आहे, सुदेश. फक्त हे तुला हरवणार. म्हणजे तू याला नाही. हे तुला." आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन उत्तमराव यांनी सल्ला दिला की फोनला दोरी बांधून गळ्यात अडकवावा, बालवाडीतल्या रुमालासारखा.

मी अपमान गिळला. कारण त्याच सुमारास आमच्या घरात खरोखर मोठी गोष्ट घडली होती. ठाण्यातल्या घरांच्या एका सोडतीत आमचा नंबर लागला होता.

तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल तर तुम्हाला हे कळणार नाही. आम्ही सोळा वर्षं कोपरला भाड्याने राहतोय. अकरा-अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, आणि त्यात मालकाची अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. सोळा वर्षं मेघनाने कॅलेंडर फ्रिजच्या दारावर लावलंय. फ्रिज उघडला की महिना बदलल्यासारखं वाटतं. आता मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि दिवाळीपर्यंत जागा सोडा म्हणून निरोप आलाय. अशात सोडत लागली. मेघना त्या दिवशी यादी सहा वेळा वाचून देवघरासमोर बसून होती, आणि मी सातव्यांदा वाचत होतो.

आता फक्त स्वीकृती उरली होती. पोर्टलवर फोटो चढवायचा, आणि मग शनिवारी दुपारी तीन ते पाचमध्ये त्यांच्याकडून नोंदणीकृत मोबाईलवर व्हिडिओ कॉल येणार. अर्जदाराने तोंड आणि आधार कार्ड दाखवायचं. तीनदा फोन उचलला नाही तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. एवढं साधं.

फोटोलाच तीन दिवस गेले. पोर्टलला वीस ते पन्नास केबीचा फोटो हवा होता, आणि माझा फोन मला कमी दाखवायला तयारच नव्हता. त्याने काढलेल्या फोटोत माझ्या नाकावरचं प्रत्येक छिद्र सहा खोल्यांच्या फ्लॅटएवढं दिसत होतं. पोर्टल म्हणे, फाइल फार मोठी आहे. सान्वीने ती बारीक केली तर पोर्टल म्हणे, चेहरा ओळखू येत नाही. शेवटी तिने जुन्या फोनवर फोटो काढला आणि तो एका फटक्यात चढला. मी तिला सांगितलं की यात माझ्या फोनचा दोष नाही, पोर्टलची कुवत कमी आहे. ती म्हणाली, "बाबा, चिल."

शुक्रवारी सकाळी फोन धुतला गेला.

कोणी धुतला हा वाद मला उकरायचा नाही. शर्ट मी मशीनमध्ये टाकला, बटण मेघनाने दाबलं. मोठा फोन असता तर शर्ट उचलतानाच हात खाली गेला असता. हा एवढा हलका की खिशात आहे हे ना मला कळलं, ना शर्टाला, ना मशीनला. पिळून वाळत घालताना तो खिशातून माझ्या पायावर पडला तेव्हा मला वाटलं साबणाची वडी आहे.

मेघना तेव्हा खाली दूध आणायला गेलेली. मी ताबडतोब तिसऱ्या मजल्यावर पळालो. धम्मपाल म्हणाला, बंद कर, पंख्याखाली ठेव, चोवीस तास हात लावू नकोस. हा सल्ला इतका साधा होता की माझा त्यावर विश्वासच बसेना. जिन्यात उत्तमराव भेटले. त्यांनी सांगितलं की तांदूळ. तांदळात खुपसून ठेवायचा, तांदूळ पाणी ओढतो. धम्मपाल वरून म्हणाला की हे शास्त्रीय नाही. उत्तमराव म्हणाले की शास्त्र कुठलं ते तांदूळ ठरवतो, कोलम घे, तोही जुना. पहिल्या मजल्यावरच्या काकू दारातूनच म्हणाल्या की उकडा असेल तर बघा, तो आधीच एकदा भिजून वाळलेला असतो, त्याला अनुभव असतो. हे मला पटलं.

आम्ही मूळचे कोकणातले, त्यामुळे उकडा घरात होताच. मेघना यायच्या आत मी फोन तांदळाच्या डब्यात खोल खुपसला, वरून तांदूळ सपाट केला आणि ऑफिसला निघून गेलो. तिला सांगितलं नाही. का? तर चष्मा. तो चष्मा तिने ज्या पद्धतीने माझ्यापुढे ठेवला होता, तो माझ्या मनातून गेला नव्हता.

शनिवारी सकाळी बरोबर चोवीस तासांनी, मेघना आंघोळीला गेलीय असं बघून मी डब्यात हात घातला. मग कोपरापर्यंत घातला. मग डबा परातीत पालथा केला. तांदूळ होता. दोन लवंगा आणि कीड लागू नये म्हणून टाकलेला कडुनिंबाचा पाला होता. फोन नव्हता.

मेघना बाहेर आली तेव्हा मी परातीसमोर बसून तांदूळ दाणा-दाणा बाजूला करत होतो. तिने विचारलं की खडे आहेत का. मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "अहो, काल विमलमावशीची ओटी भरली मी. या डब्यातून."

विमलमावशी म्हणजे मेघनाची सख्खी मावशी, ठाण्याला कोपरीत राहते. ती शुक्रवारी संध्याकाळी येऊन गेली होती. तिचा मुलगा रवींद्र चौतीस वर्षांचा आहे आणि सतरा मुलींनी त्याला नाही म्हटलंय. शनिवारी ठाकुर्लीला अठरावी मुलगी बघायला जायचं होतं, ते सांगायला ती आलेली. आता सवाष्ण घरी आली, वार शुक्रवार, म्हटल्यावर ओटी आलीच. पण मावशीला गाडी पकडायची घाई. ती म्हणाली, पदरात पाच दाणे टाक आणि बाकी पिशवीत दे. मेघनाने आईकडून आलेलं पितळी मापटं डब्यात बुडवलं, गच्च भरून पिशवीत ओतलं, वर नारळ आणि ब्लाऊजपीस ठेवला. मापटं अंमळ जड लागलं असं तिला आता आठवत होतं.

पोळपाटाएवढा फोन मापट्यात गेला असता का? नसता. हे मेघना बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

मावशीला फोन लावला, ती उचलेना. कुंडलिककाकांकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे, फोनच नाही. त्यांना मावशी पुरते. रवींद्रचा बंद. मुलगी बघायला जाताना त्याचा फोन बंद ठेवायचा हा मावशीचा नियम आहे, कारण दहाव्या मुलीच्या घरी त्याचा फोन वाजला आणि ती रिंगटोन ऐकून मुलीचे वडील उठून आत गेले होते. माझा स्वतःचा नंबर लावला तर बाई शांतपणे सांगायची, हा क्रमांक बंद आहे. सिमच्या दुकानात गेलो तर दुसरं सिम देतो म्हणाले, पण चालू व्हायला चोवीस तास. सोडतीच्या मदत केंद्राला मेघनाच्या फोनवरून विचारलं की कॉलसाठी दुसरा नंबर देता येईल का. येईल, म्हणाले. त्यासाठी फक्त नोंदणीकृत नंबरवरून फोन करा.

दीड वाजला होता. आम्ही कोपरी गाठली. मावशीच्या दाराला कुलूप. आतून तिचा फोन वाजत होता, कारण मेघना अजून लावतच होती. शेजारच्या बाईंकडे मावशी किल्ली आणि सगळी माहिती ठेवून जाते. त्यांनी सांगितलं की मुलीकडच्यांनी वेळ अलीकडे घेतली, मंडळी केव्हाच गेली. मेघनाने ओटीच्या पिशवीचं विचारलं. बाई म्हणाल्या, ती तर घेऊन गेल्या मुलीच्या आईसाठी.

हे इथे नीट सांगायला हवं. आमच्यात ओटीचा ब्लाऊजपीस शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. कोपरीतून निघालेला ब्लाऊजपीस बदलापूर, विरार करत तीन वर्षांनी पुन्हा कोपरीत आल्याची उदाहरणं आहेत. तांदूळ मात्र लोक शिजवून खातात. पण विमलमावशीला शुगर. ती भात खात नाही. त्यामुळे तिने ती पिशवी न उघडता, नारळासकट, जशीच्या तशी पुढे नेली होती.

शेजारच्या बाईंनी ठाकुर्लीचा पत्ता दिला. ज्या कोपरवरून निघून ठाण्याला आलो, तेच कोपर परत मागे टाकून आम्ही ठाकुर्लीला उतरलो.  कोपर आलं तेव्हा मेघनाने आमच्या बिल्डिंगच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "दिवाळीनंतर कुठे जायचं, ते बघून ठेवा."

साडेतीन वाजता आम्ही नीरजाताईंच्या दारात उभे होतो. नीरजाताई म्हणजे मुलीची आई. घरी शिवणाचे क्लास घेतात, त्यामुळे माणसाकडे बघताना आधी खांद्याचं माप घेतात. आम्हाला बघून मावशीने हातातली कांदेपोह्याची बशी खाली ठेवली. मेघनाने प्रसंग सावरला, आमची पूर्ण नावं सांगितली आणि म्हणाली की इकडे आलोच होतो, म्हटलं रवींद्रसाठीची मुलगी बघून जाऊ. नीरजाताईंनी या, बसा केलं. मोठा हॉल, गुबगुबीत सोफा, छताला झुंबर. रवींद्र इस्त्रीच्या शर्टात श्वास रोखून बसलेला. कुंडलिककाका पोहे खात होते.

आणि नीरजाताईंच्या हातात माझा फोन होता. चालू.

उकड्याने काम केलं होतं. पण त्याचा आनंद मानायला मला सवड मिळाली नाही, कारण नीरजाताई बोलायला लागल्या. मावशींनी ओटी भरली, त्यांनी तांदूळ ताटात ओतला, तर त्यातून हा निघाला. आजवर त्यांनी लोकांकडून साड्या घेतल्या, भांडी घेतली, पण ओटीत कोणी मोबाईल घातल्याचं बघितलं नव्हतं. आणि तोही असा नेमका. त्यांनी तो कमरेला साडीत खोचून दाखवला. खोचून दोन पावलं चालून दाखवली. मग काढून एका अंगठ्याने चारही कोपरे फिरून दाखवले.

"बायकांना खिसा नसतो हे आजवर एका कंपनीला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या मावशींना बरोबर कळलं. लॉक आहे, उघडत नाही अजून, पण बाहेरूनच फोटो काढून बघितला. माझ्या चाळीस वर्षांच्या शिवणातला टाका दिसला हो त्यात."

एवढ्या आठवड्यांत माझ्या फोनचं झालेलं हे पहिलं कौतुक. आणि ते विमलमावशीने घेतलं. मान किंचित खाली घालून, पदर सारखा करत घेतलं.

मी तोंड उघडणार इतक्यात मावशी हात धुवायच्या निमित्ताने मला आणि मेघनाला गॅलरीत घेऊन आली. तिने सांगितलं ते थोडक्यात असं, की गेल्या सतरा घरांत कोणी तिला दुसऱ्यांदा चहा विचारला नव्हता. इथे तीनदा विचारलाय. नीरजाताई मुलीला हाक मारून मारून सांगतायत, सासू असावी तर अशी. "जावईबापू, तो तुमचा आहे म्हणालात तर रवींद्र जन्मभर माझ्याच हातचं खाईल," मावशी म्हणाली. मेघना म्हणाली, "मावशी, आमचं घर जाईल." मावशी म्हणाली, "घरं पुन्हा निघतात गं. मुली निघत नाहीत."

आम्ही परत येऊन बसलो. मेघना नीरजाताईंना खेटून बसली, फोनच्या बाजूने. मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, की यावर फोन वगैरे येतो का. नीरजाताई म्हणाल्या, "मघाशी दोनदा वाजला. म्हटलं कंपनीचे लोक असतील, काहीतरी विकायला. कट केला."

दोनदा. उरला एक.

पुढची पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मुलगी, माया, बाहेर आली, बसली. मावशीने तिला स्वयंपाकाचं विचारलं, तिने मावशीला विचारलं की रवींद्रला काय काय येतं. रवींद्र म्हणाला, मॅगी. मी यातलं काही ऐकत नव्हतो. मी नीरजाताईंच्या हाताकडे बघत होतो. इतका, की त्यांनी दोनदा पदर सावरला आणि कुंडलिककाकांनी पोहे थांबवून माझ्याकडे बघितलं.

चार वाजून पाच मिनिटांनी तो वाजला.

नीरजाताईंचा अंगठा लाल गोळ्याकडे निघाला. मेघना म्हणाली, "ताई, उचला ना, बघू कसा ऐकू येतो," आणि त्यांचं मनगट असं धरलं की अंगठा हिरव्यावर पडला. स्क्रीनवर एक चष्मेवाल्या बाई आल्या. मागे फायलींची कपाटं. त्या म्हणाल्या, सुदेश धाकू मांडवकर आहेत का.

नीरजाताई म्हणाल्या, "अगोबाई, या तर तुमचंच नाव घेतायत."

मी मध्ये डोकं घातलं. स्क्रीन एवढीशी, त्यामुळे मी, मेघना आणि नीरजाताई, तिघांचे कान एकमेकांना चिकटल्याशिवाय कोणीच पूर्ण दिसेना. बाईंनी विचारलं, अर्जदार तुम्ही का. मी हो म्हटलं. त्यांची नजर माझ्यावर राहिली नाही. ती मागे सोफ्यावर गेली, तिथून झुंबरावर गेली. पन्नास मेगापिक्सेल मागच्या बाजूला असतात, पण कंपनीने पुढेही हात आखडता घेतला नव्हता. झुंबराचा लोलक न लोलक त्यांना दिसत असणार.

"अर्जात भाड्याचं घर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "हे घर कोणाचं?"

"यांचं," मी म्हटलं.

"या तुमच्या कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, तर तुमचा नोंदणीकृत फोन यांच्या हातात कसा? दोनदा यांनीच कट केला ना? कुटुंबातल्या कोणाच्या नावावर घर असेल तर अर्ज बाद होतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

 मावशी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत सतरा मुली उभ्या होत्या. मेघना माझ्याकडे बघतच नव्हती. ती स्क्रीनकडे बघत होती, आणि तिच्या हातात माझं आधार कार्ड होतं. सकाळपासून तिने ते धरून ठेवलेलं, घामाने त्याची कड उलली होती.

मी म्हटलं, "मॅडम, फोन माझा आहे. तो ओटीतून इथे आला." आणि सगळं सांगितलं. शर्ट, मशीन, उकडा, मापटं, शुगर. थांबता येईना. चष्मा ठेवल्याचं पण सांगितलं, ज्याचा काही संबंध नव्हता.

बाईंनी मान वळवून मागे कोणी आहे का बघितलं.  मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "उकडाच ना? कोलम नाही?"

मी म्हटलं, उकडा.

"किती तास?"

"चोवीस. थोडे जास्तच."

त्यांनी ते कुठेतरी लिहून घेतलं. मग एकदम खात्याच्या आवाजात म्हणाल्या, आधार दाखवा. मेघनाने दाखवलं. पुढचा प्रश्न नियमाचा होता. घर दोनशे बहात्तर चौरस फूट आहे, लहान आहे, अर्जदाराला मान्य आहे का.

लहान. मला असा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला. मी म्हणालो की मॅडम, लहान आणि कमी यात लोक गल्लत करतात. वस्तू मुठीत मावणारी असावी, पण तिच्यात...

"मान्य आहे," मेघना म्हणाली.

"स्वीकृती नोंदवली," बाई म्हणाल्या. "अभिनंदन. पुढचे सगळे कॉल याच नंबरवर येतील, तेव्हा सिम सांभाळा." आणि स्क्रीन काळी झाली.

मेघनाने डोळे पुसले. मी तिचा हात धरायला गेलो, पण मध्ये नीरजाताई होत्या. त्या उठल्या.  नीरजाताईंनी मावशीकडे बघितलं. मावशी ओटीतल्या नारळाच्या शेंडीकडे बघत होती. कुंडलिककाकांनी रिकामी बशी टीपॉयवर ठेवली, तिचा आवाजही फार मोठा झाला.

मग आतून हसण्याचा आवाज आला. माया. ती केव्हा आत गेली कोणाला कळलं नव्हतं, पण पडद्यामागून ती इतकी हसत होती की पडदा हलत होता. तिला हसताना ऐकून रवींद्रने दुपारपासून रोखलेला श्वास सोडला आणि तोही हसायला लागला. मग दोघंही थांबेनात.

नीरजाताईंनी ते एक मिनिट ऐकून घेतलं. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातून बारीक सुई काढली, फोनच्या कडेला टोचली, सिमचा ट्रे बाहेर ओढला, सिम माझ्या तळहातावर ठेवलं आणि फोन परत कमरेला खोचला.

"सिम तुमचं," त्या म्हणाल्या. "फोन ओटीतला. ओटीत आलेलं परत करत नाहीत. विचारा तुमच्या मावशींना."

मावशीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ती म्हणाली की बरोबर आहे, शास्त्रच आहे तसं, परत केलं तर मुलीला अपशकुन होतो. हे शास्त्र तिला त्या क्षणी सुचलं असं माझं मत आहे, पण मी ते मांडू शकलो नाही. नीरजाताई म्हणाल्या की पुढच्या रविवारी बोलणी करायला या. मावशी खुर्चीत सरळ बसली आणि चौथा चहा मागितला.

आम्ही निघालो. चपला घालत होतो तेवढ्यात नीरजाताई दारात आल्या. फोन हातात.

"याचा पासवर्ड?"

आपला फोन दुसऱ्याच्या हातात जाताना बघणं एक वेळ सोपं. त्याचा पासवर्ड आपल्या तोंडाने सांगणं फार कठीण. मी म्हटलं, "नऊ दोन चार आठ."

नीरजाताईंनी आकडे दाबले, फोन उघडला, त्या खूश होऊन आत गेल्या. मेघना एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

"ही कसली तारीख?" तिने विचारलं.

मी सांगितलं की तारीख नाही, माप आहे. फोनचं. लांबी ब्याण्णव मिलिमीटर, रुंदी अठ्ठेचाळीस.

तिने दुसरी चप्पल घातली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "आणि आपल्या लग्नाची तारीख कशाला ठेवलीयेत?"

"कशालाच नाही," मी म्हटलं. "ती मला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीचा पासवर्ड कशाला?"

हे मला अगदी ऐनवेळी सुचलं होतं आणि मी त्यावर खूश होतो. मेघना म्हणाली, "सांगा बरं."

मी सांगितली.

वर्ष तेवढं बरोबर आलं.

ठाण्याच्या घराच्या कागदांवर आता पहिलं नाव मेघनाचं लागणार आहे. माझं दुसरं.